जाहिरातीपुरतं तिकीट

जाहिरात हाच खरा खेळ आणि सिनेमा म्हणजे तिच्यामागून फरफटत येणारं तीन तासांचं शेपूट, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. श्रीरामपूरच्या पोस्टात मला कारकुनाची नोकरी लागली आणि जागा मिळेपर्यंत म्हणून आम्ही नवरा-बायको मामा-मामींच्या घरी उतरलो. ते 'मिळेपर्यंत' पुढे चार वर्षं चाललं. पहिल्याच रविवारी मामा म्हणाले, "चला जावई, थेटरात जाऊन येऊ." मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. पडद्यावर आधी गावातल्या दुकानांच्या, काचेवर रंगवलेल्या पाट्या आल्या, मग साबणाची, चहाची, बामाची अशा लहान लहान फिल्मा झाल्या, मग सेन्सॉरचा दाखला झळकला आणि मोठ्या वाद्यांच्या गजरात सिनेमाची नावं सुरू झाली. त्याबरोबर मामा धोतर सावरत उठले. "चला. झालं." मला वाटलं, यांना बरं वाटत नाहीये. बाहेर येऊन त्यांनी दोन चहा सांगितले, पहिला घोट घेतला आणि विचारलं, "मंग? कसं काय वाटलं?" मी म्हणालो, "पण अजून काही पाहिलंच कुठं?" त्या वेळी त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती भाचीचं पुढं कसं होणार या काळजीची होती.

मामा कापूस पारखायचे. श्रीरामपुरातल्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या आल्या की आधी मामांसमोर उभ्या राहत. ते चिमूटभर कापूस घेऊन दोन्ही हातांच्या बोटांत अलगद ओढत, उजेडात धरत आणि एका शब्दात निकाल देत: लांब धागा, मध्यम, आखूड, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते याच मापानं मोजत, आणि जाहिराती तर विशेषच. साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर पेंटरनं काढलेली बाई पाहून ते म्हणत, "आखूड. बाईचं तोंड दुकानाकडं न्हाई, थेटरच्या दाराकडं हाय. लोक उठून जातील." एका चहाच्या फिल्ममध्ये पाहुणा दारात येताच घरातली सगळी माणसं आनंदानं हसू लागत. त्यावर मामांचा निकाल, "कवडी. पाहुना आल्यावर कोन हसतं?" 'कृपया धूम्रपान करू नये' ही पाटीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. "जुनी हाय, पर वजन हाय," असं ते म्हणायचे, पाटी समोर असेपर्यंत हातातली बिडी खाली धरायचे आणि ती गेली की परत वर आणायचे.

पण एखादी लांब धाग्याची जाहिरात लागली, की मामा आमूलाग्र बदलत. मला ती बामाची फिल्म आठवते. लग्नाची वरात चाललीय, ताशे, सनया, पिपाण्या, आणि मधोमध एक डोकं धरलेला गृहस्थ. तो कपाळाला बाम चोळतो आणि अचानक सगळं मुकं होतं. गालफडं फुगवून सनईवाले फुंकताहेत, ताशेवाल्याचे हात पिसाटासारखे चाललेत, पण आवाज नाही. तो गृहस्थ मात्र शांतपणे हसतोय. थेटर खदखदून हसलं. मामा हसले नाहीत. अंधारात त्यांनी दोन्ही हात जोडले होते. आम्ही बाहेर आलो. मग म्हणाले, "वाजंत्री वाजतीय आन ऐकू येत न्हाई! जावई, हे कुना मान्साला सुचलं असंल? त्याच्या आईनं त्याला काय खायला घातलं असंल?" आणि जरा थांबून म्हणाले, "पिच्चरमदी कपडे धुनाऱ्याचंबी नाव दाखवत्यात. ह्या बिचाऱ्याचं नाव कुटंच न्हाई. म्हून मी जातो. कुनी तरी त्याच्यासाठी गेलं पायजे का न्हाई?"

ही भक्ती घरीही चाले. रेडिओवर गाणं लागलं की मामा आवाज कमी करत आणि दातदुखीच्या औषधाची जाहिरात लागली की मोठा. मामींना गाण्यांची आवड, त्यामुळे घरात दिवसभर रेडिओच्या आवाजाच्या खुंटीवरून धुसफूस चाले. गंमत म्हणजे जाहिरातीतली एकही वस्तू या माणसानं आयुष्यात विकत घेतली नाही. दात राखुंडीनं, अंग शिकेकाईच्या उरलेल्या पाण्यानं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कीर्तन चांगलं झालं म्हून बुवाला घरी आनून ठिवायचं असतं काय?"

बहात्तर साली पाऊस गेला. आमच्याकडे पाटाचं थोडंफार पाणी होतं म्हणून आम्ही निभावलो, पण पाथर्डी-शेवगावकडची माणसं कामाच्या शोधात बाहेर पडली. श्रीरामपूरच्या बाजारात, स्टेशनाबाहेर, नवनवे चेहरे दिसू लागले. मामांच्या जिनात गाठोडी उचलणारा एक हमाल होता, त्याची थोरली बहीण अशीच पाथर्डीच्या बाजूनं चार दिवस भावाकडे आली होती. भावानं हौसेनं तिला एका रविवारी तीनच्या खेळाला आणलं. साठीची बाई, वाळकी, उंच, डोईवर जाड लुगड्याचा पदर. ती दोघं आमच्या पुढच्याच रांगेत बसली होती.

त्या दिवशी टूथपेस्टची नवी फिल्म लागली. एक देखणा तरुण, पांढरंशुभ्र बेसिन आणि चकचकीत नळ. तरुणानं नळ पूर्ण सोडला आणि आरशात बघत, गाणं म्हणत, तो दात घासू लागला. घासतोय, फेस दाखवतोय, पुन्हा घासतोय, आणि नळ आपला धो धो वाहतोय. मामा पुढे झुकून बघत होते. तेवढ्यात ती बाई ताडकन उभी राहिली आणि शेतात गुरं शिरल्यासारखी ओरडली, "आरं ए मुडद्या, नळ बंद कर की!"

थेटर हसलं. मग कोणीतरी पाठीमागून ओरडलं, "बंद कर रं!" मग दहा जण ओरडले, मग शंभर. "नळ बंद कर! नळ बंद कर!" लोक बाकड्यांवर उभे राहिले. तरुण तोंडात फेस घेऊन गातच होता. आणि मग, कसं कोण जाणे, एकेक जण गप्प होत गेला. शेवटी शेवटी सगळं थेटर नुसतं बघत होतं. त्या तरुणाकडे नाही, पाण्याकडे. नळातून पडून ते बेसिनमध्ये गरगर फिरत होतं आणि भोकातून खाली जात होतं. फिल्म संपली. त्या शांततेत बाई हळूच म्हणाली, "पुन्यांदा लावा की वो. पानी तरी दिसंल."

वरच्या खोलीतल्या ऑपरेटरला काय वाटलं देव जाणे. दिवे लागले, पाच मिनिटं गेली, आणि ती फिल्म त्यानं खरंच पुन्हा लावली. या वेळी कोणी ओरडलं नाही.

सिनेमाची नावं सुरू झाली तरी मामा उठले नाहीत. त्यांना तो सिनेमा दिसला असेल असं मला वाटत नाही. मध्यंतर झालं तेव्हा ते बाहेर त्या भावा-बहिणीजवळ गेले. बाईनंच त्यांना विचारलं, "काय वो दादा, त्यो बाबा काय इकत हुता?"

"दात घासायची पेस्ट."

"आसं व्हय?" बाई म्हणाली. "मला वाटलं पानी इकतोय. म्हनलं, दर तर सांगंल!"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. बामाच्या फिल्मच्या वेळी त्यांचा चेहरा झाला होता तसा झाला होता, नव्हे, त्याहून जास्त. घरी येताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "तीस वर्सं कापूस वढतोय जावई. एवढा लांब धागा न्हाई बगितला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाण्याच्या दुकानात पेस्टच्या खोक्यावरून कंपनीचा पत्ता उतरवून घेतला आणि पोस्टकार्ड लिहिलं. पोस्टातलाच माणूस असल्यानं ते मी वाचलं, आणि वाचलं नसतं तरी त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलंच होतं. 'तुमची जाहिरात फार हुशारीची आहे. मुलगा गातो झकास. पण आमच्या भागात पाणी नाही. लोक दात घासणाऱ्याकडे न बघता नळाकडे बघतात. तरी मुलाला एवढं सांगावं, की घासताना नळ बंद कर. जाहिरात आणखी चांगली होईल. ज्यांनी ही बनवली त्यांना नमस्कार सांगावा व त्यांचं नाव कळवावं.'

महिन्याभरानं उत्तर म्हणून पार्सल आलं. आत बारा टूथपेस्टी आणि इंग्रजीत छापलेलं पत्र. मामांनी ते माझ्याकडे दिलं. मी शब्द चघळत सांगितलं, की आमच्या मालावरच्या आपल्या प्रेमाबद्दल आभार, सोबत छोटीशी भेट पाठवत आहोत.

"नळाचं काय म्हनत्यात?"

"नळाचं काही नाही."

"आन नाव?"

मी मान हलवली. मामांनी खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "मराठी वाचनारं कुनी नसंल तिथं," ते म्हणाले. कंपनीला दोष द्यायलाही त्यांचं मन होत नव्हतं. मामी आतून म्हणाल्या, "आता तरी राखुंडी सोडा." मामांनी ऐकलं नाही. त्यांनी हमालाला गाठून बहिणीचा ठावठिकाणा विचारला. ती परत गेली होती आणि पाथर्डीजवळ पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती.

पुढच्या रविवारी खोकं मांडीवर घेऊन मामा एस्टीत बसले आणि शेजारी मी. नेवाशापासून पुढं खिडकीबाहेर नजर लावावी असं काही नव्हतं. उभ्या बाभळीसुद्धा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. कामावर चार-पाचशे माणसं असतील. विचारत विचारत आम्ही तिच्यापर्यंत पोचलो. खडीच्या ढिगापाशी सात-आठ जणी हातोड्या घेऊन बसल्या होत्या, जेवायची सुट्टी नुकतीच झाली होती, फडक्यांतून मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकऱ्या निघाल्या होत्या. बाईनं ओळखलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना देवळाबाहेर कधी टोपी काढताना पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या नळाच्या जाहिरातीचं... त्यांच्या वतीनं माफी मागायला आलोय."

"त्यांच्या म्हंजी? तुमी कंपनीतलं हाय?"

"न्हाई. मी नुसता बगनारा."

बाईला हे कोडं सुटेना. मग ती मोठ्यानं हसली. तोंडात चार-पाचच दात उरले होते. "आवो, माफी कशाची? मला तर लई ग्वाड वाटलं. दोनदा बगितलं मी! हितं आल्यावर समद्या बायांना सांगितलं. खोटं वाटतंय त्यांना. सांगा की वो, व्हतं का न्हाई यवडं पानी?"

मग मामांनी सांगितलं. तो माणूस, जो जन्मभर जाहिरातींचा निकाल एका शब्दात लावत आला, त्या खडीच्या ढिगापाशी उकिडवा बसून एका फिल्मची गोष्ट अर्धा तास सांगत होता. नळ कसा चकचकीत, पाणी कसं जाड पडतं, बेसिनच्या कडेला कसं चढतं, उजेड त्यात कसा मोडतो, भोकापाशी त्याचा भोवरा कसा होतो. बाया भाकरी हातात तशीच धरून ऐकत होत्या. मामांनी तरुणाचा उल्लेखही केला नाही.

निघताना त्यांनी खोकं पुढं केलं. एकीनं नळीचं टोपण काढून वास घेतला आणि दुसरीच्या नाकाला लावला, "आगं बया, पेपरमिट!" अशा बारा नळ्या हातोहात गेल्या. आमच्या ओळखीच्या बाईनं आपली नळी कमरेच्या पिशवीत नीट खोचली. "ठिवती," ती म्हणाली. "पानी आलं की दात घाशीन."

परतीच्या प्रवासात नेवासा आलं तेव्हा मामा म्हणाले, "त्या जाहिरातीत काय बी बदलू नये. मी उगा कार्ड टाकलं."

पुढं पाऊसपाणी झालं, माझी पुण्याला बदली झाली. तिथं टीव्ही नवानवा आला होता. मामा-मामी राहायला आले तेव्हा मी मामांना मुद्दाम शेजाऱ्यांकडे घेऊन गेलो. संध्याकाळी त्या खोक्यावर आधी शेतीच्या खतांची माहिती झाली, मग बातम्या, मग एका बुवांनी यमन गायला. मामा सतरंजीवर ताठ बसून वाट बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या कानाशी लागून विचारलं, "जाहिराती कवा?"

"टीव्हीवर जाहिराती नसतात, मामा."

"न्हाईत? मंग हे लोक बगत्यात काय?" ते चकित होऊन म्हणाले. पण मग यजमानांना वाईट वाटू नये म्हणून त्या खोक्याकडे मायेनं बघत हळूच म्हणाले, "आसू द्या. अजून ल्हान हाय. बोलंल हळूहळू."

टीव्हीवर जाहिराती सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात मामा गेले. जिनातून येऊन ओसरीवर बसले, पाणी मागितलं, आणि मामी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मग मामी आमच्याकडेच राहू लागल्या. एका संध्याकाळी शेजाऱ्यांकडे बातम्यांच्या आधी एकदम पडदा उजळला आणि कसल्याशा कापडाची जाहिरात लागली. पुरतं अर्धं मिनिटही नसेल. घोडा होता, वारा होता, एक मुलगी धावत होती. आम्ही दोघंही पुढे झुकून बघत होतो. संपली तेव्हा मामींनी माझ्याकडे वळून विचारलं, "चांगली हुती का वो, जावई?"

मामा कापूस ओढत तशी मी रिकामी बोटं एकमेकांवरून ओढून पाहिली.

"कळलं नाही, मामी," मी म्हणालो.