हौसाची टाच

आंजर्ल्याच्या खाडीकाठची कांदळवाडी जेवत होती ती एका मातीच्या बांधाच्या जिवावर. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचं खाजण, खाडी हटवून केलेली शेतजमीन. हौसा या बांधाची राखणदारीण. आधी सासरा राखायचा, मग नवरा. नवरा गेला आणि काठी हिच्या हातात आली. बाईमाणूस काय बांध राखणार, असं म्हणणारे पहिल्याच उधाणानंतर गप्प बसले.

तिची हत्यारं दोन, काठी आणि टाच. ओहोटी लागली की अनवाणी बांधावरून चालायचं आणि पावलागणिक टाच दाबायची. आत खेकड्याने पोखरलं असेल तिथे माती किंचित दबते. डोळ्याला दिसत नाही, टाचेला कळतं. तिथे खूण करून ठेवायची. शिमग्याला चाकरमानी आले की गावकी घरटी एक माणूस बांधावर उतरवी आणि दिवसभर चिखल-पेंढा ठासून बिळं बुजवली जात. मुंबईत मुकादमकी करणारेही त्या दिवशी हौसाच्या मागून निमूट चालत.

त्र्याऐंशी साली सरकारची योजना आली. खाजणांचे बांध सरकार ताब्यात घेणार, पक्के करणार. सरपंच सखारामने पेढे वाटले. दोन उन्हाळ्यांत बांधाला दगडी आवरण चढलं आणि पाटी लागली, की ही सरकारी मालमत्ता आहे, हात लावू नये. गावकीने शिमग्याचा चिखलाचा दिवस बंद करून टाकला. सरकारचा बांध, सरकार बघेल. चिखलात कंबर मोडून घ्यायची हौस कोणाला असते? पण घात झाला तो इथेच.

हौसा दगडावरून चालली. टाच दाबली. दगड तो दगड, तो काय सांगणार! आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या बांधाची भीती वाटली. खाली खेकडे होतेच. त्यांना काही पाटी वाचता येत नव्हती.

शहाऐंशीच्या श्रावणात तिच्या भाताच्या कडेला, बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारं होतं. ती तशीच सखारामकडे गेली.

"काकी, येवडे दगड घातलेत सरकारनं, ते काय उगाच?" सखाराम म्हणाला. "मी वर कळवतो. तू हात लावू नको, गुन्हा होल."

त्याने कळवलंही. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, आणि सर्वपित्री अमावस्येला तर दीडच महिना उरला होता. शेजारच्या शेताचा नझीर जन्मभर जहाजावर राबलेला. त्या अमावस्येचं उधाण वर्षातलं मोठं असणार, हे त्यानेच तिला सांगितलं. मग दगड काढायला ये, असं ती म्हणाली तेव्हा तो पाटीकडे बघत राहिला. मुलाला दुबईला पाठवायचं होतं, पोलिसात नाव गेलं तर पासपोर्ट अडकला असता. तिने त्याला बोल लावला नाही.

ती एकटीच पहार घेऊन निघाली. पाणी झिरपे त्याच्या रोखाने एकेक दगड उचकटायचा, बिळात बगलेपर्यंत हात घालायचा, चिखल-पेंढा ठासायचा. दगड परत बसवायची ताकद नव्हती, म्हणून तो बाजूला ठेवून द्यायचा. येणारेजाणारे बघत आणि म्हातारीला वेड लागलं म्हणत. काम कुठे संपत होतं! एक जागा सुकली की पुढे दुसरी ओली व्हायची.

अमावस्येला पितरांची पानं वाढून होतायत तोच भर दुपारी बांध फुटला. फुलोऱ्यातल्या भातावरून खाडी आत शिरली, ती थेट अंगणातल्या तुळशीवृंदावनापर्यंत. माणसं वाचली, पण खाजण गेलं. खारावलेली जमीन पुढची चार वर्षं तरी भात देणार नव्हती.

पाचव्या दिवशी साहेब पंचनाम्याला आले. त्यांनी बाजूला पडलेले दगड बघितले आणि ते कोणी काढले असं विचारलं. सखारामने हौसाकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. नझीर मान खाली घालून उभा होता.

"मी काडले," हौसा म्हणाली. "सतराच काडले, सायेब. एकटीच्या हातान तेवडेच झाले."

दगड काढल्यामुळे बांध फुटला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. गावाच्या चुकीने फुटला म्हणून भरपाई कोणालाच नाही, आणि हौसावर खटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. बांध फुटला होता तो त्या सतरा जागांपासून साठ पावलं पलीकडे, जिथे तिचा हात पोचलाच नव्हता. पण ती पावलं कोणी मोजली नाहीत. बाकीचा बांध पायाखाली हलत होता, म्हणून साहेब पंचनामा लिहायला घट्ट जागा बघून उभे राहिले होते. ती हौसाने बुजवलेली जागा होती.