अर्ध्या तासाचा गजर

आमच्या साडूंइतका बूड न टेकणारा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. चहा उभ्याने, पेपर येरझाऱ्या घालत, आणि दाढी तर एक गाल घरात नि दुसरा अंगणात. भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर जन्म गेला. माग थांबला की ह्यांचे पाय सुरू. त्यात गेल्या उन्हाळ्यात मांजरानं दारातल्या बुलबुलाची जोडी मारली आणि घरट्यातलं एक उघडंनागडं पिल्लू ह्यांच्या पदरात पडलं. त्याच्या पायाला निळ्या सुताचा गुंता. साडूंनी तो सोडवला, उजेडात धरून पाहिला आणि मटकन खालीच बसले.

"आमच्याच मागाचं सूत हाय की ओ," म्हणाले.

तेव्हापासून उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मोबाईलमध्ये दर अर्ध्या तासाला गजर. गजर झाला की मेहुणीच्या भुवया कोरायच्या चिमट्यात नाकतोडा धरायचा आणि पिल्लाच्या चोचीत सोडायचा. मेहुणी बिचारी जाड भुवयांनी हिंडायची. माझ्या मुलीच्या अक्षतेलाही पिल्लू चपलांच्या खोक्यातून कार्यालयात हजर! अंतरपाटाचं एक टोक मानानं साडूंच्या हाती दिलेलं. तिसऱ्या मंगलाष्टकाला खिशात गजर कोकलला आणि हे टोक सोडून पळाले. अंतरपाट खाली, नवरानवरी समोरासमोर, भटजी डोळे मिटून चालूच! मी असा भडकलो की विचारू नका. नंतर गाठलं, तर गृहस्थ खोक्यावर ओणवे.

"पोरीला आईबाप हायती की," मान वर न करता म्हणाले. "ह्याला मी एकटाच हाय."

पिल्लू वाढलं, उडायलाही लागलं. पण लाडापायी घोटाळा झाला होता, त्याला भीती कशाचीच उरली नव्हती. कुणीही हात पुढे केला की हातावर. एकदा तर थेट त्याच मांजराशेजारी जाऊन बसलं. साडू पांढरेफटक पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट नि पळी घेतली. पिल्लू खांद्याकडे झेपावलं की ताट बडवत ओरडायचे, "जा! हितं यायचं न्हाय!" चार दिवस हाच तमाशा. पाचव्या दिवशी ताट दिसताच ते दारच्या कडुलिंबावरून उडालं, ते परत आलं नाही. "जमलं," साडू म्हणाले आणि ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

परवा दुपारी आमच्याकडे जेवायला आले होते. पहिल्याच घासाला खिशात गजर. ताडकन उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"बंद करा की हो तो आता," मी म्हणालो.

"व्हय, करतो की," म्हणत पानावर येऊन बसले.

अर्ध्या तासानं तो पुन्हा वाजला, तेव्हा मात्र त्यांच्याआधी मीच उठलो आणि दार उघडलं.