बाबांचा मनोरा

शिकायला जपानला निघताना आईनं हातावर दही घातलं आणि बाबांनी काखेत एक गुंडाळी कोंबली. बोलोन्याच्या मनोऱ्याचं चित्र, त्यांच्या केबिनच्या भिंतीवरचं, कडांना पिवळं पडलेलं. बाबा कराडला पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकवायचे. इटलीतल्या त्या गावात जुन्या काळी म्हणे विटांचे मनोरेच मनोरे होते. बाकीचे बहुतेक पडले, हा राहिला. का राहिला, हे सांगताना बाबांचा चहा हमखास गार व्हायचा.

जपानच्या मोठ्या भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. "लोक तिकडून पळतायत आणि आमची ठमाबाई तिकडेच चाललीय," असं म्हणून बाबा हसले. आई हसली नाही.

तिथे त्सुकुबा शहरातल्या लॅबमध्ये जुन्या वीटकामावर काम सुरू झालं, तेव्हा मी सेन्सेईंना, म्हणजे माझ्या प्राध्यापकांना, ते चित्र दाखवलं. आम्ही त्या मनोऱ्याचं मॉडेल रचलं, माझ्या दुप्पट उंच. ते शेक टेबलवर चढवून खऱ्या भूकंपासारखं हलवायचं होतं. बाबांनी फोनवरून बजावलं, नारळ फोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. नारळ टोकियोत ओजिमाच्या भारतीय दुकानातून आणला. सगळी लॅब हेल्मेट घालून हात जोडून उभी राहिली. मॉडेलला तडे गेले, पण ते पडलं नाही. व्हिडिओ कॉलवर बाबा चष्मा पुसत होते.

त्यानंतर प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला: "मनोरा कधी दाखवतेस?" मी म्हणायची, "नेते हो, पुढच्या वर्षी." मला वाटायचं, इटलीबद्दलच बोलतायत.

मग कोरोना आला. विमानं बंद, सीमा बंद, आणि त्यातच बाबा गेले. दहाव्याला माझा धाकटा भाऊ मंदार कृष्णेच्या घाटावर मास्क लावून उभा होता आणि मी इथे टेबलावर फोन टेकवून बसले होते. पिंडाला कावळा शिवेना. मंदार म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा कठड्यावरच. आत्या फोनमध्ये वाकून म्हणाली, "तुझं काही राहिलंय का गं? बोल बाई." मी म्हटलं, "बाबा, मी बोलोन्याला जाईन. तुमच्या वतीनं मनोरा बघीन." कावळ्यानं पंख साफ केले.

तेव्हा मंदार मला न विचारता बोलला, "ताईला घरी परत आणीन, बाबा."

कावळा लगेच खाली उतरला.

घाटावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फोनकडे मात्र कुणी बघितलं नाही, आणि मला हुंदका आवरेना.

पुढे एका कॉन्फरन्सच्या निमित्तानं बोलोन्याला गेले. मनोरा चित्रातल्यापेक्षा खूप उंच आहे. आजूबाजूचे बहुतेक सोबती कधीच गेले, शेजारी एक बुटका, कललेला तेवढा उरलाय, आणि हा आपला उभा, उंचीत एकटा. मला आई आठवली, कराडच्या घरात एका माणसापुरता कुकर लावणारी. विटेला हात लावला आणि तिथेच रडले. वर चढायचं होतं, पण तिकीट काढलंच नाही. तशीच परत आले.

परत म्हणजे त्सुकुबाला. नवऱ्याची नोकरी इथे, घराचं कर्ज इथे. मुलगी शाळेतून येऊन दारात "ताडाइमा" म्हणते, म्हणजे घरी आले. मी "ओकाएरी" म्हणते, म्हणजे आलीस. हेच घर, मला मान्य आहे. पण कुणी "घरी सगळे कसे आहेत?" असं विचारलं, की मी आईबद्दलच सांगते.

मंदारनं घाटावर दिलेल्या त्या शब्दाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं.

इथे कावळे फार. कचऱ्याच्या दिवशी पिशवी घेऊन खाली जाते, तर कावळ्यांपासून कचरा झाकायला टाकलेल्या जाळीवरच एखादा आधीच बसलेला असतो, धष्टपुष्ट, मान वाकडी करून बघत. आसपास कुणी नाही असं बघून मी हळूच म्हणते, "येते हो, बाबा." मग पिशवी जाळीखाली सरकवते आणि जिना चढून वर जाते.