गलबताचं पान

लोणावळ्याच्या बाजारात बायकोच्या चष्म्याची काडी बसवून घेत होतो, तेव्हा सुनेचा फोन आला. "आबा, असाल तसं या. आई उठंनात." वलवणला पोचलो तोवर सगळं संपलं होतं. चष्मा खिशातच राहिला. दोन महिने झाले... मला घरात एका जागी बसवत नाही.

इंदू सातवी शिकलेली, मी दुसरीतनं पळालेला. देहूरोडच्या डेपोत जन्मभर ओझी उचलली. सुट्टीच्या दुपारी ती उंबऱ्यात बसून मला पुस्तकं वाचून दाखवायची. वाचनालयातली परत जायची, एकच पुस्तक तिनं विकत घेतलं. त्यात जुन्या काळातला एक व्यापारी बैलांचा तांडा घेऊन घाट उतरतो, बंदरावर जातो. घरी बायको असून ह्याचा जीव जडतो एका मिठागरवाल्याच्या बायकोवर. मी तापलो. "त्यो घरी येनार नसंल तर पुस्तक चुलीत घाल."

"येतोय की. दम धरा जरा," इंदू हसली.

पुढच्या सुट्टीला तिनं शेवट वाचला. घुंगरं वाजली, बायको दारात आली, नवऱ्याला म्हणाली, "पाय धुवा, भाकर टाकते." मला लय बरं वाटलं. म्हणालो, "ही बाई खरी."

"आन् मी कंची? दारातली का मिठागरातली?"

"दारातली. दुसरी कुटली?"

ती सूप ओढून तांदूळ पाखडायला लागली...

दहावा उरकल्यावर मी तिचाच चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर जोडत ते पुस्तक वाचायला घेतलं. परवा शेवट आला. तर व्यापारी घरी येतच नाही! त्या बाईला घेऊन गलबतात बसतो आणि जातो. तीन वेळा वाचलं. भाकरीचं कुठंच छापलेलं नाही. ते तर मी डेपोतनं आलो की इंदू रोज मला म्हणायची. माझ्या धाकानं तिनं शेवट तोंडानंच फिरवला होता.

खोटं वाचलं ह्याचा राग नाही. पण तिनं विचारलं तेव्हा मी उत्तर देऊन मोकळा झालो, तिला उलट विचारलं नाही. तिला जायचं होतं का कुठं? कुणाबरोबर? सून म्हणते, "आबा, गोष्टीतलं काय मनाला लावून घेताय?"

बाकी पुस्तक स्वच्छ आहे. गलबताच्या पानावर मात्र हळदीची बोटं उमटलीत, एका दिवसाची नव्हेत, वरचेवरची. आता दुपारी मी उंबऱ्यात तिच्या जागी बसतो, चष्मा लावतो आणि तेवढंच पान मोठ्यानं वाचतो. छापलंय तसं. गलबत सुटतं... मी अडवत नाही.