शेवटची स्क्रीन आधी

आमचे प्रॅक्टिकलचे सर कुणाचंही ॲप पहिल्या स्क्रीनपासून बघत नाहीत. "शेवटची दाखवा, महाराज," म्हणतात आणि आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवतात. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे त्यांचं ते 'महाराज' ऐकलं तरी मला घाम फुटतो.

परीक्षेसाठी मी टावर चौकातून पोहे मागवायचं ॲप केलं होतं. ते चालवून बघताना प्रॅक्टिकलमधल्या माझ्या जोडीदाराने गिऱ्हाइकाचं नाव 'टकलू' घातलं. परीक्षेच्या सकाळी मी पहिल्या स्क्रीनवर ते बदलून 'सर' केलं. पण शेवटच्या, बिलाच्या स्क्रीनने नावाची आपली वेगळी प्रत ठेवली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सरांनी आधी बिल उघडलं. 'धन्यवाद, टकलू!'

मला वाटलं, झालो नापास.

सर पहिल्या स्क्रीनवर जाऊन परत आले. "यहाँ सर, वहाँ टकलू? ऐसे नहीं चलेगा, महाराज. नाव एकाच जागी ठेवा, सगळ्या स्क्रीननी तिथूनच घ्यायचं. करा, मी थांबतो."

मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. मग सरांनी स्वतः पहिल्या स्क्रीनवर नाव टाइप केलं आणि शांतपणे एकेक स्क्रीन पुढे सरकवली. मेनू, ऑर्डर, बिल, सगळीकडे टकलूच.

"अब ठीक है," म्हणत त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि मला पास केलं.