एक प्रिंटर, दोन जावा

मारेगावात आम्हा दोघी जावांचं मिळून एकच दुकान आहे. ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स, दाखले, असलं. लॅपटॉप दोन, पण प्रिंटर एक आणि अंगठ्याचं मशीन एक. ज्या लॅपटॉपला वायर लागली, त्याची ती वस्तू. थोरल्या जावेला मी बाई म्हणते. दुकानाच्या खऱ्या मालकीण त्या; मी हाताखालची, पण यवतमाळला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, म्हणून तोंडानं जरा पुढं.

दुकानाचा नियम बाईंचा. ज्याचं काम सुरू झालं, ते संपेपर्यंत त्याच्यासाठी लावलेली वस्तू काढायची नाही, आणि घरच्याला मधे घुसवायचं नाही. त्यालाही कारण होतं. एकदा त्यांनी आपल्या भावाचा सातबारा मधेच काढून दिला, तर रांगेतल्या बायांनी दुकान डोक्यावर घेतलं. "घरच्यायचं पयले, अन् आमी का इथं मेथी निवडाले बसलो?" त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला.

यंदा नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. बाईंच्याच मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, यवतमाळला जागा मिळाली होती. पाच वाजेपर्यंत पक्की केली नाही तर जागा दुसरीला जाणार. सकाळपासून साईट उघडायचं नाव घेत नव्हती. दुपार कलल्यावर उघडली, तेव्हा बाईंसमोर तांड्यावरचे एक आबाजी बसलेले, म्हणून पोरगी माझ्यापुढं बसली. तिचा अंगठा झटक्यात लागला. आता हमीपत्र छापायचं, सही करून परत साईटवर चढवायचं आणि शेवटी पुन्हा एकदा अंगठा, की सुटलो.

"बाई, प्रिंटरची वायर द्या."

"आबाजीचं होऊ दे. तूच मशीन दे इकडं."

आबाजींचा पेन्शनसाठी लागणारा हयातीचा अर्ज छापून झाला होता. अंगठा तेवढा बाकी होता, आणि तो लागला की लगेच पावती छापायची, म्हणून बाई प्रिंटर सोडेनात. मशीन मी कशी सोडू? ते काढलं की साईट बाहेर फेकते, मग पुन्हा श्रीगणेशा. त्यात आबाजींचा अंगठा जन्मभर कापसाच्या पऱ्हाटीत राबून गुळगुळीत झालेला, तो एका दमात कधीच लागत नाही. मला हवं ते त्यांच्याकडं, त्यांना हवं ते माझ्याकडं, आणि दोघी आपापली वायर धरून बसलो.

कोर्सला आमचे सर हे शिकवायचे. कॉम्प्युटरपुढं शंभर कामं असतात. तो याला थोडा वेळ देतो, त्याला थोडा वेळ देतो, इतक्या झपाझप की प्रत्येकाला वाटतं हा फक्त माझंच काम करतोय. पण काही वस्तू अशा वाटून देता येत नाहीत. अर्धं पान याचं आणि अर्धं त्याचं कसं छापणार? तिथं दोन कामं एकमेकांच्या वस्तूवर अडून बसली की त्याला डेडलॉक म्हणतात. कोणी चूक करत नसतं, तरी सगळं ठप्प. मग ज्याचं नुकसान कमी, त्याला उठवून त्याच्या हातातलं काढून घ्यावं लागतं. आमच्याकडं शेताच्या अरुंद पांधणीत दोन बैलबंड्या समोरासमोर आल्या की रिकाम्या बंडीवाला मागं घेतो, तसंच. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण बाईंपुढं काय डोंबल चालणार!

"अवो बाई, तुमचीच पोरगी हाय न वो!"

"म्हणूनच तं. आज तिले पयले घेतलं, तं उद्या दुसऱ्याले कोणत्या तोंडानं थांबवू?"

बाईंनी मान वरही केली नाही. पोरगी ओढणीचं टोक पिळत बसली होती, आईकडं बघतसुद्धा नव्हती. खरं सांगते, मला बाईंचा असा संताप आला की कानशिलं तापली. घड्याळाकडं बघवेना.

आबाजींना कमी ऐकू येतं. ते मला म्हणाले, "काय झालं वो, नेट गेलं का?"

माझा बांध फुटला. मी ओरडूनच सांगितलं, "नेट हाय आबाजी! हे बाईची पोरगी हाय. नर्सिंगले नंबर लागला तिचा. पाच वाजता जागा जाते, अन् बाई तुमच्यापायी वायर सोडून नाही राह्यल्या!"

आबाजींनी पोरीकडं पाहिलं, मग बाईंकडं. "मंग मले सांगाचं होतं न, येडे! माहं उद्याबी होते. मी कुठं पळून चाललो?" आणि अर्ज खिशात कोंबून ते सरळ खुर्चीवरून उठले. "झालं माहं काम. द्या आता पोरीले."

गिऱ्हाईकच उठलं म्हटल्यावर बाईंच्या नियमात काही उरलं नाही. मी वायर अक्षरशः ओढली. छापलं, सही झाली, चढवलं, अंगठा लावला. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. मग हिरव्या अक्षरात आलं, प्रवेश निश्चित. मी अशी किंचाळले की पलीकडचा चहावाला धावत आला. पोरगी माझ्या गळ्यात पडली. हुश्श! जिवात जीव आला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मशीन ओढून घेतलं, आबाजींना हात धरून परत बसवलं, ओल्या फडक्यानं त्यांचा अंगठा पुसून पुसून लावत राहिल्या. बऱ्याच खटपटीनं लागला. पावती हातात देऊन त्यांना दारापर्यंत सोडून आल्या आणि खुर्चीत बसल्याबरोबर ढसाढसा रडायला लागल्या.

"आबाजी उठले नसते," त्या पोरीला म्हणाल्या, "तं मी वायर देल्ली असती का नाही, मलेच मालूम नाही वं."

पोरगी आईच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "जाऊ दे न आई," ती म्हणाली. "झालं न आता."