बोली लावणारा शेजारी

आखातात, अल नहदाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते राहायचे. हॉटेलची रूम छापील भावाने घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते इंटरनेटवर बोली लावत आणि ती मान्य होईपर्यंत पाच-पाच डॉलर वाढवत. हॉटेलचं नाव कळायचं ते पैसे कापले गेल्यावरच. "घाई केली की खलास," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणायचे.

लंडनला मेव्हणीचं लग्न होतं. हॉलजवळची रूम बघायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं. बोली नाकारली की शेजारचा एरिया जोडून पुन्हा लावता येते, म्हणून ते एरिया जोडत गेले. शेवटी रूम मिळाली ती थेट विमानतळाजवळ, आणि रद्दही होईना. पैठणीतल्या बायकोला घेऊन दोन ट्रेन बदलत मी पोचलो, तेव्हा मंगलाष्टकं संपली होती.

आम्ही परतल्यावर त्यांनी दारातच विचारलं, "दोनशे दिरहॅममध्ये फोर स्टार. म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये. कुठे मिळतं हो?"

पुढच्या महिन्यात ते सहकुटुंब सिंगापूरला निघाले. मी आमच्या दारातून विचारलं, "बोली केवढ्याला लागली?"

"छे, एजंटकडून बुक केलं," ते शांतपणे म्हणाले. "सासूबाई बरोबर आहेत. रिस्क कशाला?"

माझ्या बायकोने आतून येऊन दार लावून घेतलं.